माळ्यावरची बंदूक

गेल्या वर्षी गणेशोत्सवात, पितृपक्ष तोंडावर आला म्हणून आमच्या पंचवटीतील जुन्या घराचा माळा झाडायला काढला. आमचे चुलत आजोबा, ज्यांना सारे घर ‘आप्पा’ म्हणत असे, दोन वर्षांपूर्वी वारले. तेव्हापासून त्यांच्या सामानाला कुणी हात लावला नव्हता. पितळी भांडी, शेतीच्या जुन्या पावत्या, फुटका कंदील असे एकेक खाली येत होते. शेवटी घोंगडीत गुंडाळून सुतळीने आवळलेले एक लांबोळके गाठोडे आले. मला वाटले, एखादी जुनी काठी असेल. सुतळी सोडली आणि आत निघाली एकनळी बंदूक! सोबत कापडी पिशवीत पाच काडतुसे. परवान्याचे पुस्तक मात्र सारी ट्रंक उपसली तरी सापडले नाही.

क्षणभर कुणी बोलले नाही. मग सगळेच एकदम बोलू लागले. काका म्हणाले, “परवा अनंत चतुर्दशी. विसर्जनाच्या गर्दीत कोण कशाला बघतोय? द्या सोडून गोदावरीत.” शेजारच्या तात्यांचे मत पडले की, दिंडोरीकडच्या शेतावर वाटेकऱ्याला देऊन टाकावी, रानडुकरांसाठी कामी येईल. आईचे म्हणणे, होती तशी बांधून पुन्हा वर ठेवा, इतकी वर्षे कुणाला कळले नाही, पुढेही कळणार नाही. माईआजी, म्हणजे आप्पांच्या पत्नी, तेवढ्या गप्प होत्या.

त्या दिवशी आमच्या घरात जे तीन सल्ले दिले गेले, ते कोणत्याही घरात दिले जातील. आणि ते तिन्ही चुकीचे आहेत. ते का चुकीचे, हे मला पुढच्या आठ दिवसांत कळले. तेच सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या देशातील शस्त्रांसंबंधीचा कायदा १९५९ सालचा, आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार परवान्याशिवाय बंदूक जवळ बाळगता येत नाही. काडतुसांनाही तोच नियम. विनापरवाना साधी बंदूक बाळगल्यास पूर्वी एक ते तीन वर्षांची कैद होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोन ते पाच वर्षे झाली, शिवाय दंड. लष्करी बनावटीच्या, म्हणजे कायद्याने ‘निषिद्ध’ ठरवलेल्या शस्त्रांसाठी तर सात ते चौदा वर्षे.

हे वाचून छाती दडपते. “पण आम्हाला काय माहीत?” हा प्रश्न कुणाच्याही तोंडी येईल. त्याचे उत्तर न्यायालयांनी दिलेले आहे. १९७२ साली गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘ताबा’ या शब्दाची फोड केली. नुसती वस्तू घरात असणे म्हणजे ताबा नव्हे. ती आहे याची जाणीव हवी आणि तिच्यावर आपली सत्ता हवी. म्हणजे माळ्यावरच्या गाठोड्यात बंदूक आहे हे मला ठाऊकच नव्हते, तोवर मी गुन्हेगार नव्हते. परंतु याच निकालाची दुसरी बाजूही आहे. वस्तू दुसऱ्याच्या हाती दिली, पण तिच्यावर हुकमत आपली राहिली, तर ताबा आपलाच धरला जातो.

याचा अर्थ असा की, सुतळी सुटली त्या क्षणी आमच्या घरातल्या प्रत्येकाची स्थिती बदलली. अज्ञान संपले आणि जबाबदारी सुरू झाली. आईच्या सल्ल्याप्रमाणे ती पुन्हा वर ठेवली असती, तर तो आप्पांचा नव्हे, आमचा गुन्हा झाला असता.

आता वाटेकऱ्याला देण्याचे पाहू. परवान्याशिवाय शस्त्र विकणे किंवा दुसऱ्याच्या हवाली करणे, हा बाळगण्याहून मोठा गुन्हा आहे. २०१९ पासून त्याला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे. परवानाधारकांच्या व्यवहारांचे नियम निराळे. मोफत दिली म्हणून सुटका नाही.

राहिली गोदावरी. शस्त्र नाहीसे करणे म्हणजे गुन्ह्याचा पुरावा नाहीसा करणे. पूर्वीच्या दंडसंहितेत त्याला कलम २०१ होते, आताच्या भारतीय न्याय संहितेत २३८ आहे. मुंबईच्या १९९३ सालच्या बॉम्बस्फोट खटल्यात अभिनेता संजय दत्त याला बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल शिक्षा झाली, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती पाच वर्षांची केली, हे सर्वांना आठवते. ते शस्त्र नष्ट करायला मदत करणाऱ्या मित्रांनाही शिक्षा झाली, हे फारसे कुणाला आठवत नाही. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, पाणी ओसरल्यावर घाटावर नाणी शोधणारी पोरे आपण रोज पाहतो. त्यांच्या हाती ती बंदूक लागली असती तर?

मग करायचे काय? सुदैवाने बाबांनी त्या संध्याकाळी दोन गोष्टी बरोबर केल्या. बंदूक भरलेली आहे की काय, हे पाहण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. नळीचे तोंड भिंतीकडे ठेवून त्यांनी खोलीला कुलूप लावले. आणि ओळखीच्या एका वकिलांकडे गेले. वकिलाची फी परवडत नसेल त्यांनी हे ध्यानात ठेवावे की, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य मदत मिळते. अल्प उत्पन्न असणाऱ्यांचा तो हक्क आहे, आणि स्त्रियांना तर उत्पन्नाची अटही नाही.

वकीलसाहेबांनी पहिलीच सूचना दिली, “बंदूक उचलून पोलीस ठाण्यात नेऊ नका.” आम्ही चकित झालो. पण त्यांचे म्हणणे खरे होते. विनापरवाना बंदूक घेऊन रस्त्याने निघालेला माणूस ती जमा करायला निघाला आहे, हे वाटेत अडवणाऱ्याला कसे कळावे? त्याऐवजी आपण लेखी अर्ज घेऊन जायचे आणि पोलिसांना घरी बोलवायचे. अर्जात कोणाच्या सामानात, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणासमक्ष वस्तू सापडली ते लिहायचे. आप्पांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडायची. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यायची.

कायद्याच्या ३६ व्या कलमानुसार असा गुन्हा कळल्यावर जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा दंडाधिकाऱ्यांना खबर देणे कर्तव्यच आहे. २१ व्या कलमाप्रमाणे, ज्याचा ताबा कोणत्याही कारणाने कायदेशीर राहिला नाही असे शस्त्र विनाविलंब ठाण्यात जमा करायचे असते. मुदत संपलेल्या परवान्याची बंदूक असेल तर ती परवानाधारक विक्रेत्याकडेही ठेवता येते. अशा परवान्याच्या बंदुकीसाठी वारसाला स्वतःच्या नावे परवाना मागता येतो. २०१६ च्या नियमांत तशी तरतूद आहे, मात्र एकूण दोन शस्त्रांची मर्यादा वारसालाही लागू आहे. फार जुने, दुरुस्त करूनही चालणार नाही असे शस्त्र ४५ व्या कलमाने कायद्यातून वगळले आहे. पण ते तसे आहे की नाही, हे ठरवणे आपले काम नव्हे.

एवढे सांगून झाल्यावर वकीलसाहेबांनी एकच प्रश्न विचारला, “हे घरात आधी कुणाला ठाऊक होते?”

आम्ही सारे ‘नाही, नाही’ म्हणत असताना माईआजी म्हणाल्या, “मला होते.”

आप्पांनी ती शेतावरून आणून ठेवली तेव्हा त्यांनी पाहिली होती. ‘कुणाला बोलू नकोस’ म्हणाले, म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. आप्पा होते तोवर ताबा त्यांचा. त्यांच्या मागे घर माईआजींचे आणि माहितीही त्यांनाच. म्हणजे कायद्याच्या चष्म्यातून आमच्या घरात खरोखर अडचणीत कोणी असेल, तर त्या एक्क्याऐंशी वर्षांच्या माईआजी.

बाबांचा चेहरा उतरला. काका म्हणाले, “काकू, तुम्ही काही बोलूच नका. ठाऊक नव्हते म्हणून सांगू.” वकीलसाहेबांनी तेही मोडून काढले. आज एक खोटे सांगितले, तर उद्या खरे बोलणाऱ्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. शिवाय कायद्याने एक दार ठेवले आहे. ३९ व्या कलमानुसार, तिसऱ्या कलमाच्या भंगाबद्दल कोणावरही खटला भरायचा तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. नाशिक शहरात पोलीस आयुक्तालय असल्याने इथे तो अधिकार आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. म्हणजे वस्तू आपणहून दिली की पकडली गेली, हे तोलून पाहणारा एक अधिकारी मध्ये असतो. त्याच्यासमोर आपली बाजू खरेपणानेच उभी राहते.

माईआजींच्या भीतीचे मूळ मला नंतर उमगले. २१ डिसेंबर १९०९ रोजी याच गावात, विजयानंद नाट्यगृहात, अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर ब्राउनिंग पिस्तूल झाडले. तेव्हा लॉर्ड लिटनच्या काळातला १८७८ चा शस्त्रकायदा होता, परक्या सरकारने प्रजेला निःशस्त्र ठेवण्यासाठी केलेला. त्या काळच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांना सरकारपासून शस्त्र लपवणे हे पाप वाटत नाही, आणि पोलिसांपुढे जाणे म्हणजे घराची अब्रू जाणे वाटते. आजचा कायदा आपल्याच संसदेने केला आहे, हे त्यांच्या मनापर्यंत पोचलेले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज दिला. दुपारी पोलीस आले. पंचांसमक्ष पंचनामा झाला. बंदुकीचे वर्णन, तिच्यावरील आकडे, काडतुसांची संख्या सारे लिहिले गेले. बाबांनी ते शब्दशः वाचूनच सही केली आणि पावती घेतली. माईआजींनी जे होते ते सांगितले. बंदुकीचा परवाना कोणत्याही दप्तरात निघाला नाही. काही महिने चौकशी चालली. खटल्याची मंजुरी मागितली गेली नाही आणि बंदूक सरकारजमा झाली.

आमच्या बाबतीत असे झाले, म्हणून सर्वांच्या बाबतीत तसेच होईल, असे मी म्हणणार नाही. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२१ पासून कायमची अभययोजना आहे. कोणीही बेकायदा बंदूक आणून द्यावी, बाळगल्याबद्दल खटला होत नाही. आपल्या शस्त्र कायद्यात असे कायमचे अभय नाही. म्हणूनच आपल्याकडे तत्परता, लेखी अर्ज आणि खरे बोलणे यांनाच अभयाचे काम करावे लागते.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी माळे आहेत, वाडवडिलांच्या बंद ट्रंका आहेत. देवळालीच्या छावणीमुळे या भागात फौजेत राहिलेल्यांची घरेही पुष्कळ. कधी असे काही हाती आले, तर हात लावू नका, लहान मुलांना दूर ठेवा, आणि बॉम्बसारखे काही दिसले तर घर रिकामे करून ११२ वर कळवा. बाकी वेळी वकील, अर्ज, पोच, पंचनामा, पावती हा क्रम विसरू नका.

यंदाच्या पितृपक्षात माईआजींनी आप्पांचे पान वाढले आणि हात जोडून म्हणाल्या, “तुमचे ओझे खाली उतरवले हो.” ते ओझे दोन वर्षे त्यांच्याच डोक्यावर होते, हे मात्र त्या बोलल्या नाहीत.