अजगराचे वेटोळे आणि थर्मोकोलची पेटी

बॉल पायथन हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील, सहसा चार-पाच फुटांपर्यंत वाढणारा अजगर अमेरिका व युरोपमधील सर्पपालकांचा विशेष आवडता असून, त्याची अंडी उबवण्यासाठी यांतील अनेक जण घरीच जी पेटी तयार करतात, ती दिसायला अगदी साधी असते: जाड थर्मोकोलचा झाकणबंद खोका किंवा निकामी झालेला फ्रिज, आत उष्णता देणारी पट्टी आणि तापमानावर पहारा ठेवणारा थर्मोस्टॅट. या पेटीवर केवढी जबाबदारी पडते हे समजण्यासाठी मात्र आधी मादीकडे पाहावे लागते.

बॉल पायथनची मादी आपल्या पाच-सहा अंड्यांभोवती सुमारे दोन महिने वेटोळे घालून बसते आणि मुख्यतः त्यांतील ओलावा राखते. भारतीय अजगर व त्याचा निकटचा आप्त बर्मी अजगर यांच्या माद्या त्याहून पुढे जाऊन, स्नायूंचे लयबद्ध आकुंचन करून स्वतः ऊब निर्माण करतात. पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयातील अशा मादीचे तापमान वालँसिएन या प्राणिशास्त्रज्ञाने १८४१ मध्येच नोंदवले होते. पुढे १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील मादीवर झालेल्या अभ्यासातून असे दिसले, की हवा जसजशी गार होते तसतशी आकुंचने वाढतात. थंड रक्ताच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राण्याने गरजेपुरतीच उष्णता मोजून द्यावी, ही निसर्गातील अत्यंत विस्मयकारक गोष्ट आहे.

थर्मोस्टॅटचे दोन प्रकार याच कसोटीवर ओळखता येतात. साधा थर्मोस्टॅट उष्णता पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद करतो, त्यामुळे तापमान ठरलेल्या अंकाच्या वर-खाली हेलकावत राहते. प्रमाणानुसार चालणारा थर्मोस्टॅट गरज कमी होताच वीजही कमी करतो, म्हणजे मादीच्या रीतीला अधिक जवळचा ठरतो. बॉल पायथनच्या अंड्यांना ३१ ते ३२ अंश सेल्सिअस तापमान मानवते. सुसरींप्रमाणे सापांचे लिंग उबवणीच्या तापमानावर ठरत नाही, परंतु फाजील उष्णतेने पिल्लांच्या कण्यात बाक येऊ शकतो आणि अंडी मरूही शकतात.

ओलाव्यासाठी अंड्यांच्या डब्यात व्हर्मिक्युलाइट, म्हणजे तापवल्यावर फुलून हलके होणारे अभ्रकसदृश खनिज, बहुधा समान वजनाच्या पाण्यात कालवून पसरतात. मुठीत दाबल्यावर त्यातून पाणी ठिबकू नये. सापाच्या अंड्याचे कवच चामड्यासारखे लवचिक असून ते पाणी शोषते, म्हणून कोरडेपणाने अंडे चेपते, तर अतिओलाव्याने त्यावर बुरशी धरते. पक्ष्याचे अंडे फिरवावे लागते. येथे मात्र गर्भ लवकरच कवचाच्या एका बाजूला स्थिरावतो, म्हणून अंड्याच्या वरच्या बाजूस पेन्सिलीने खूण करून ते त्याच स्थितीत ठेवतात आणि एकमेकांस चिकटलेली अंडी ओढून सोडवत नाहीत.

खरी चिंता तापमान जोखणाऱ्या संवेदकाची असते. तो अंड्यांच्या पातळीवर पक्का बसवावा लागतो. निसटून पेटीबाहेर पडला, तर थर्मोस्टॅट बाहेरच्या गार हवेलाच आतली हवा समजून तापवत राहतो. म्हणूनच स्वतंत्र तापमापक, किंचित वरच्या अंकावर वीज तोडणारा दुसरा थर्मोस्टॅट आणि वीज गेल्यावर ऊब टिकवणाऱ्या पाण्याच्या बाटल्या ही व्यवस्था चैनीची मानता येत नाही. अंडी येण्यापूर्वी रिकामी पेटी आठवडाभर चालवून पाहणेही तितकेच आवश्यक आहे.

भारतात या पेटीला कायद्याचीही चौकट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार नाग, धामण किंवा अजगर असे देशी साप घरी पाळता येत नाहीत, आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेला बॉल पायथन बाळगणाऱ्यास २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची, तसेच नव्या पिल्लांच्या जन्माची नोंद करावी लागते.

शेवटच्या आठवड्यांत अंड्यांवर खळगे पडतात, तेव्हा पालकाचा धीर सुटण्याचा संभव सर्वाधिक असतो. पिल्लू तोंडाच्या टोकावरील चिमुकल्या दाताने कवच चिरते, नाकपुड्या बाहेर काढते आणि उरलेला बलक शोषून घेत एक-दोन दिवस तसेच पडून राहते. काही पालक या काळाआधीच कात्रीने कवच कापतात. त्यात रक्तवाहिनी दुखावण्याचा आणि बलक शोषला जाण्यापूर्वीच पिल्लू बाहेर येण्याचा धोका असतो, आणि तेथे कोणताही थर्मोस्टॅट उपयोगी पडत नाही.