प्राथमिक शाळेच्या आरंभीच्या इयत्तांसाठी वयानुरूप कथांची निवड : एक विवेचन

प्रस्तावना

मराठी घरात मुलाची कथेशी पहिली ओळख पुस्तकातून नव्हे, तर आई-आजीच्या तोंडून होते. चिमणी-कावळ्याची गोष्ट ऐकत वाढलेले मूल सहाव्या वर्षी पहिलीत येते, तेव्हा त्याच्याजवळ ऐकण्याचा मोठा अनुभव असतो. वाचनाचा मात्र नसतो. कथा निवडताना हे अंतर बहुधा दुर्लक्षिले जाते. मग मुलाच्या वाट्याला एकतर न पेलणारी उपदेशपर कथा येते किंवा बुद्धीला काहीच खाद्य न देणारा मजकूर येतो. दोन्ही परिस्थितींत वाचनाविषयी कायमची अरुची निर्माण होण्याचा धोका संभवतो. प्रस्तुत लेखात इयत्ता पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी कथानिवडीच्या निकषांचा विचार केला आहे.

वय आणि कथेची समज

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी बालकाच्या बौद्धिक विकासात साधारण २ ते ७ वर्षे ही पूर्वक्रियात्मक आणि ७ ते ११ वर्षे ही मूर्त क्रियात्मक अवस्था मानली. या वयोमर्यादा ढोबळ असल्या, तरी आरंभीच्या इयत्तांतील मूल या दोन अवस्थांच्या उंबरठ्यावर असते, ही बाब महत्त्वाची ठरते. पहिलीतील मुलाला एक मुख्य पात्र, सरळ कालक्रम आणि पुनरावृत्ती असलेली कथा सहज आकळते. पुढे दुसऱ्या पात्राच्या बाजूने विचार करणे व घटनांमागील कारणे शोधणे त्याला हळूहळू जमू लागते.

चिमणी-कावळ्याची कथा या दृष्टीने बोलकी आहे. शेणाचे घर पावसात वाहून जाते, मेणाचे टिकते. कावळा दार ठोठावतो आणि चिमणी दर वेळी बाळाचे एखादे नवे काम सांगून त्याला थांबवते. लहान मुलाला या पुनरावृत्तीतच आनंद मिळतो. पुढचे उत्तर ते स्वतःच देऊ लागते. आठ वर्षांचे मूल मात्र भिजणाऱ्या कावळ्याला चिमणीने इतका वेळ बाहेर का ठेवले, असे विचारू शकते. कथा तीच असते. वयानुसार तिला विचारला जाणारा प्रश्न बदलतो.

प्राणिकथा आणि भीती यांविषयीचे गैरसमज

पात्रे प्राणी असली म्हणजे कथा लहानांचीच, हा समज तपासून पाहणे आवश्यक आहे. पंचतंत्राच्या चौकटकथेनुसार विष्णुशर्म्याने या कथा राजपुत्रांना राजनीती शिकविण्यासाठी सांगितल्या. 'मित्रभेद' तंत्रात दमनक कोल्हा सिंह व बैल यांच्या मैत्रीत फूट पाडतो आणि कथेच्या पोटात अनेक उपकथा येतात. हा गुंता पहिलीच्या मुलास झेपणारा नाही. याउलट सिंह आणि उंदीर ही इसापची कथा दोनच पात्रांत व दोनच प्रसंगांत पूर्ण होते.

भीतीचा प्रसंग सरसकट वगळणेही योग्य नव्हे. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणाऱ्या म्हातारीच्या कथेत वन्य प्राण्यांचे भय आहे. परंतु तिच्या युक्तीमुळे त्या भयाचा निरास होतो. भय निर्माण करून मुलाला त्यातच सोडून देणारी कथा मात्र या वयात टाळावी.

श्रवण, वाचन आणि परिसर

श्रवणासाठीची व स्वयंवाचनासाठीची कथा वेगवेगळी असावी. शिक्षक सांगतात ती कथा थोडी दीर्घ व नव्या शब्दांनी समृद्ध असू शकते. मुलाने स्वतः वाचावयाच्या कथेत मात्र लहान वाक्ये, परिचित शब्द व अर्थाला आधार देणारी चित्रे हवीत. गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातील शिक्षक पाठ्यपुस्तकाआधी कथाकथनाकडे वळतो, ही बाब आजही मार्गदर्शक आहे.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ यांनी ते त्यांच्यासह व पुढे कोसबाड येथे चालविले. परिसरातील साध्या वस्तूंना त्यांनी शैक्षणिक साधनांचे रूप दिले. हेच तत्त्व कथेलाही लागू पडते. घरी बोलीभाषा बोलणाऱ्या मुलाला प्रमाणभाषेतील कथा वयास योग्य असूनही परकी वाटू शकते. अशा वेळी ती प्रथम बोलीत सांगून नंतर वाचावयास देणे इष्ट ठरते.

निष्कर्ष

वयानुरूपता हा केवळ विषयाचा किंवा पृष्ठसंख्येचा प्रश्न नसून पात्रसंख्या, कालक्रम, भावनिक भार व भाषा यांच्या मेळाचा प्रश्न आहे. शिक्षकाने कथा मध्येच थांबवून 'पुढे काय होईल?' असे विचारावे. मुले उत्सुकतेने अंदाज बांधू लागली, तर निवड योग्य समजावी; ती गप्प राहिली किंवा चुळबुळ करू लागली, तर कथा अथवा सांगण्याची पद्धत बदलावी. तात्पर्य शेवटी सांगण्यापेक्षा मुलांकडून काढून घ्यावे. ते शिक्षकाच्या अपेक्षेहून निराळे निघाले, तरी मूल विचार करू लागले आहे, हीच त्या कथेची फलश्रुती होय.