पथ्य सांगणार कोण?

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती व बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. तेथील विहिरींचे पाणीच खारट. मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रारही तेथे वर्षानुवर्षे ऐकू येते. अशा मुलखात मधुमेह्याचे मूत्रपिंड दुबळे झाले, की त्याच्या ताटाचा प्रश्न फार बिकट होतो.

साखर टाळा, डाळी, पालेभाज्या व फळे खा, असे त्याला आरंभी सांगितलेले असते. आता त्यातील बरेचसे बदलते. तुरीच्या वरणाचे माप बेताचे ठेवावे लागते. रक्तातील पोटॅशियम वाढले असेल, तर भाजी चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यावे लागते. दिवसाचे मीठ 5 ग्रॅमच्या आत हवे, आणि ठेचा, लोणचे, पापड यांतील मीठही त्यातच धरायचे. कमी सोडियमचे मीठ आणावे, तर त्यात बहुधा पोटॅशियम असते! रक्तातील साखर एकाएकी उतरली, तर वरूड-मोर्शीच्या संत्र्याच्या रसापेक्षा साखरेचे पाणी बरे. पुढे डायलिसिस सुरू झाले, की कमी केलेली प्रथिने पुन्हा वाढवावी लागतात.

एवढे सारे एका चिठ्ठीत कसे मावावे? गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टर ‘पथ्य पाळा’ एवढेच सांगू शकतात. आहारतज्ज्ञ सर्वत्र नसतात. उरते ती परिचारिका. डायलिसिसच्या चार तासांत तीच खाटेच्या आसपास असते. घरी स्वयंपाक कोण करते, वरण किती वाट्या, उपवासाच्या दिवशी इन्सुलिनचे काय, हे ती रोग्याच्याच बोलीत विचारू शकते. मूत्रपिंड दुबळे असता इन्सुलिन शरीरात अधिक काळ रेंगाळते. म्हणून हा शेवटचा प्रश्न जिवाचा आहे. शिवाय भाजीत मीठ घालणारा हात बहुधा रोग्याचा नसतो. तेव्हा पत्नीला वा सुनेला जवळ बसवून सांगितल्यावाचून पथ्य चुलीपर्यंत पोचत नाही.

मात्र इंजेक्शने, नोंदी आणि पाळ्या यांतून उरलेल्या वेळात हे काम परिचारिकेने करावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. त्यासाठी तिला आहारशास्त्राचे रीतसर शिक्षण हवे, रोग्याचे तपासणी-अहवाल तिच्यापुढे हवेत आणि समुपदेशनाचा वेळ तिच्या कामात धरला गेला पाहिजे. 2016 पासून सरकार डायलिसिससाठी राष्ट्रीय कार्यक्रम चालवीत आहे. यंत्रावर खर्च करणाऱ्याने, रोगी त्या यंत्रापर्यंत उशिरा पोचावा म्हणून अर्धा तास बोलणाऱ्या परिचारिकेवरही खर्च करावा, ही मागणी वावगी नाही.