ऐकलं ते शुद्ध लिहिलं का?

समजा, सातारा-सांगलीकडच्या एखाद्या अंध विद्यार्थिनीने संगणकावर 'सांगली'ऐवजी 'सांगलि' टाईप केलं. स्क्रीन रीडरचा आवाज ते वाचून पुढे जातो. कानाला फरक सहज कळत नाही. अक्षर-अक्षर ऐकता येतं म्हणा, पण दर शब्दाला कोण थांबणार?

ब्रेल डिस्प्लेवर पिना वर येऊन 'सांगली' ६ घरांत उमटते. शेवटच्या घरात ३ आणि ५ नंबरचे ठिपके लागले तर दीर्घ, २ आणि ४ लागले तर ऱ्हस्व. बोट फसत नाही.

लांब धड्याला आवाजच बरा. एनव्हीडीए तर फुकट मिळतं. डिस्प्ले महाग, शिवाय २० घरांच्या यंत्रावर ओळ तुकड्यातुकड्याने वाचावी लागते. पण 'मोबाईल बोलतो, मग ब्रेल कशाला?' हे पालकांचं म्हणणं मला पटत नाही. डिस्प्ले नसेल तर शुद्धलेखन तरी ब्रेल पाटीवर घ्या.