एक वर्ष उशिरा, पण कोणासाठी?

आपल्या मॉरिशसमध्ये वर्ग पुन्हा करणे म्हणजे कमीपणा. सी. पी. ई. परीक्षा २०१७ साली गेली, पण नापास मुलाच्या आईने शेजारणीपासून तोंड लपवण्याचे दिवस आम्ही शिक्षक विसरलेलो नाही. अमेरिकेत मात्र पास झालेली काही मुले आपणहून मागे राहतात. कारण आहे खेळ. एका वर्षात मुलगा उंच होतो, अंगात बळ येते, आणि विद्यापीठाच्या प्रशिक्षकाची नजर त्याच्यावर पडते. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तर फी, राहणे, जेवण, सारे सुटते.

केंटकी राज्याने २०२१ साली एक कायदा केला. कोविडमध्ये बुडालेले शिक्षण भरून काढण्यासाठी कोणाही विद्यार्थ्याला जादा वर्ष मागता येई. शाळा-मंडळाने सर्वांचे अर्ज मान्य करायचे, नाही तर सर्वांचे नाकारायचे. वयाची अट पाळणाऱ्या खेळाडूला पाचव्या वर्षीही खेळण्याची मुभा होती. हेतू अभ्यासाचा, पण वाट खेळालाही मोकळी झाली.

एरवी नियम कडक आहेत. विद्यापीठीय खेळांची संस्था एन. सी. ए. ए. हिच्या पहिल्या विभागात खेळायचे तर नववीपासून चार वर्षांत १६ मुख्य विषय पुरे करावे लागतात. वेळेवर पदवी घेतल्यानंतर फक्त एकच विषय जादा धरता येतो. म्हणून जाणते पालक मुलाला नववीच्या आधीच, तेराव्या-चौदाव्या वर्षी थांबवतात. काहीजण बारावीनंतर खासगी निवासी शाळेत आणखी एक वर्ष काढतात. त्याला पैसा लागतो.

मोहही मोठा आहे. जुलै २०२१ पासून विद्यापीठाच्या खेळाडूंना आपल्या नावावर कमाई करता येते. जून २०२५ मधील न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे त्यांना थेट पैसेही देऊ शकतात. परंतु तेथे शाळेत खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी जेमतेम सहा-सात एन. सी. ए. ए.च्या संघांत पोचतात. उलट बास्केटबॉलपटू कूपर फ्लॅगने शाळा एक वर्ष आधी संपवली, आणि २०२५ साली, अठराव्या वर्षी, व्यावसायिक संघांच्या निवडीत तो पहिला आला.

परवा एक पालक आम्हांला विचारीत होते, "गुरुजी, मुलगा धावण्यात चांगला आहे. यंदा परीक्षेला न बसवता त्याला सरावालाच लावू का?" आम्ही म्हटले, "दादा, अमेरिकेची वाट धरायची असेल तर वर्गातून काढू नका. तिथे घड्याळ नववीपासूनच चालू होते." मुलगा बापाच्या मागे खाली मान घालून उभा होता. वर्ष त्याचे जाणार होते, पण त्याला कोणी विचारले नव्हते. मग आम्हीच विचारले.

तो हळूच म्हणाला, "गुरुजी, मला दोन्ही करायचे आहे."

पालकहो, घरी एवढे तरी विचारून पाहा.