वाजवी भाडे

वाजवी भाडे : वास्तूचे स्थान, क्षेत्रफळ, वय, सोयी व कायदेशीर स्थिती विचारात घेता तीपासून सातत्याने मिळू शकणारे भाडे. उत्पन्नासाठी मिळकत घेताना किंमत याच भाड्यावरून ठरवितात. म्हणून खरेदीपूर्वीच त्याचा अंदाज घ्यावा लागतो.

प्रथम त्याच पेठेतील तत्सम वास्तूंचे अलीकडील नोंदणीकृत भाडेकरार पाहतात. वापरानुसार मागणी बदलते. उदा., मिरजेत रुग्णालयांच्या परिसरातील खोल्यांना, तर सांगलीत हळद व बेदाणा यांच्या व्यापारामुळे बाजार आवाराजवळील गाळ्यांना व गुदामांना मागणी असते. कृष्णाकाठच्या सखल भागात २००५, २०१९ व २०२१ मध्ये पूर आला. अशा ठिकाणी वास्तू रिकामी राहण्याचा काळ व दुरुस्तीचा खर्च अधिक धरावा लागतो.

साताऱ्यातील जुन्या वाड्यांसारख्या मिळकतींत भाडेकरू राहत असल्यास बाजारभाडे गृहीत धरता येत नाही. मालकी बदलल्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही. खरेदीदार केवळ पूर्वीच्या मालकाच्या जागी येतो. मुंबई राज्याच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण अधिनियमान्वये प्रमाण भाडे सामान्यतः १ सप्टेंबर १९४० रोजीच्या भाड्याशी निगडित होते. पुढे अशी गोठविलेली भाडी अवाजवी झाल्याचे मत सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये व्यक्त केले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. तो लागू असलेल्या जागांच्या भाड्यात मालकाला दरसाल ४ टक्के वाढ घेता येते. म्हणून भाडेपावत्या, करार, कर आकारणीचा उतारा व प्रलंबित दावे तपासणे अगत्याचे असते.

मिळणाऱ्या भाड्यातून रिकामे महिने, मालमत्ता कर, विमा व दुरुस्ती वजा केली म्हणजे निव्वळ भाडे येते. समजा, मासिक भाडे ८,००० रु. आहे. वार्षिक ९६,००० रुपयांतून एका रिकाम्या महिन्याचे ८,००० व खर्चाचे १६,००० रु. वजा जाता ७२,००० रु. उरतात. खरेदीदारास ६ टक्के उत्पन्न हवे असल्यास वास्तूची किंमत १२ लाख रु. येते. ढोबळ भाड्यावर हिशेब केल्यास तीच १६ लाख रु. दिसते. भाडेकरू जुन्या कराराने केवळ ५०० रु. देत असल्यास वार्षिक ६,००० रुपयांतून वरील खर्चही भागत नाही. तेथे खरेदीचा आधार भाडे नसून जमिनीचे मूल्य हाच राहतो.