भीड आणि मुदत

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या म्हणीत तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु तिच्या आडोशाने कितीतरी माणसे हक्काचे पैसे सोडून देतात आणि त्यास समंजसपणा म्हणतात. वस्तुतः ती भीड असते. आणि कायदा भिडेसाठी थांबत नाही.

आपली दापोडी घ्या. एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा येथे आहे. पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत जाणारी माणसेही येथे राहतात. त्यांचे तंटे बहुधा तीन प्रकारचे : अडकलेला पगार, बिघडलेली वस्तू आणि परत न आलेले हातउसने. तिन्हींचे दरवाजे वेगळे, मुदतीही ठरलेल्या.

प्रथम पगार. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्याप्रमाणे महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत मिळाला पाहिजे. नोकरी सुटली वा सोडली, तर कामाच्या दोन दिवसांत. कंत्राटदाराने पैसे दिले नाहीत, तर ज्या कारखान्यात काम केले त्याच्या मालकावर जबाबदारी येते. पगार दिला हे सिद्ध करण्याचा भारही देणाऱ्यावरच आहे. मात्र दावा तीन वर्षांच्या आत केला पाहिजे.

दुसरी गोष्ट ग्राहकाची. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा देशात ग्राहक संरक्षण कायदा नव्हता; तो १९८६ साली झाला. आज २०१९ चा कायदा लागू आहे. दुकान मुंबईचे असले तरी दापोडीकराला तक्रार आपल्या जिल्ह्यातच, पुण्याच्या आयोगापुढे करता येते. वकील सक्तीचा नाही. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. पोटासाठी शिलाईयंत्र घेऊन स्वतः शिवणारी बाईही या कायद्याने ग्राहकच ठरते. येथे मुदत दोन वर्षांची.

राहिले हातउसने. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने अशा पैशाचा दावा सामान्यतः पैसे दिल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो. ऋणकोने त्या मुदतीत देणे मान्य असल्याचे सहीनिशी लिहून दिले, तर तेथून मुदत नव्याने मोजली जाते. तोंडी ‘देतो, देतो’ने ती वाढत नाही. नात्यात कागद कशाला, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. कागदाने नाते तुटत नाही. बुडालेल्या पैशाने मात्र पुष्कळदा तुटते.

याचा अर्थ ऊठसूट भांडावे असा नव्हे. तडजोड केव्हाही चांगली. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीस दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि तीवर अपील चालत नाही. परंतु तडजोडीस बसणाऱ्याच्या हातीही काही असावे लागते : पावती, हजेरीची नोंद, तारीख घालून पाठविलेले पत्र आणि त्याची पोच. भीड भिकेची बहीण म्हणतात. मागणे सौम्य शब्दांत करावे, पण ते लेखी करावे आणि मुदतीत करावे, एवढेच आमचे सांगणे आहे.